उघडं दार, बंद दार

बी.कॉम. होईपर्यंत मला जगाच्या दोनच बाजू ठाऊक होत्या : नावे आणि जमा. बँकेत चिकटल्यावर आणखी दोन कळल्या. दाराच्या आतली आणि दाराच्या बाहेरची. आत आम्ही, बाहेर गिऱ्हाईक.

आमच्या शाखेत थंडगार हवेचं यंत्र आलं आणि पाठोपाठ काचेचं दार आलं. दार असं जड, की माणूस पैसे काढायला आलाय की तालमीला, असा प्रश्न पडावा. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरचे दिवस, म्हणजे पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला देण्याचे. शाळेतून निवृत्त झालेल्या एक आजी काचेपलीकडे उभ्या असलेल्या मला दिसल्या. वाटलं, कुणाची तरी वाट बघत असतील. पंधरा मिनिटांनी शिपायानं दार ओढून त्यांना आत घेतलं.

"आजी, हाक नाही का मारायची?" मी म्हणालो.

"मारली रे. दोनदा मारली."

आपण जिवंत आहोत हे सांगायला आलेलं माणूस पाव तास माझ्या डोळ्यांसमोर उभं होतं आणि मी त्याची नोंदसुद्धा घेतली नव्हती! त्या दिवशी माझी रोकड जुळली, पण मन काही जुळेना. साहेबांच्याही कानावर गेलं. 'दारावर हवेचा पडदा बसवून घेऊ,' असं ते म्हणाले आणि ही काय भानगड आहे ते शोधण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

शोधता शोधता कळलं, की ही पंचाईत दाराइतकीच जुनी आहे. दार उघडं ठेवावं तर धूळ, ऊन आणि माशा आत येतात. बंद ठेवावं तर माणूस बाहेर राहतो. आपल्या वाडेवाल्यांनी त्यावर दिंडी दरवाजा काढला. मोठं दार बंद, त्याच्या पोटातलं छोटं दार उघडं. मात्र यायचं ते मान वाकवून. उन्हाळ्यात ओल्या वाळ्याचे पडदे सोडले, की झळ अडायची आणि माणूस पडदा सारून आत यायचा.

तिकडे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या थिओफिलस व्हॅन कॅनेल या गृहस्थांना थंडी छळत होती. गरम हवा हलकी, ती वर जाते. त्यामुळे उंच इमारत हिवाळ्यात धुराड्यासारखी वागते. ऊब वरच्या फटींतून निघून जाते आणि खालचं दार उघडलं रे उघडलं, की बाहेरचा गारठा आत ओढला जातो. व्हॅन कॅनेलनी १८८८ साली फिरत्या दाराचं पेटंट घेतलं. हे दार माणसाला आत घेतं, पण वाऱ्याला कधीच पुरतं उघडं सापडत नाही. एखादा असता तर तेवढ्यावर थांबला असता. यांनी सोळा वर्षांनी, १९०४ साली, हवेच्या पडद्याचं पेटंट घेतलं. आधी कधीच न उघडणारं दार केलं आणि मग दाराच्या जागी नुसता वारा ठेवला!

युक्ती साधी आहे. चौकटीवर एक लांबट पेटी, तिच्यात पंखे. अरुंद फटीतून हवा पट्टीसारखी खाली सोडायची. ही पट्टी जमिनीला टेकून दुभंगते. थोडी हवा आत जाते, थोडी बाहेर. आमच्या शाखेचं फिलाडेल्फियाच्या उलट. थंड हवा जड, म्हणून ती पायांतून बाहेर पळते आणि डोक्यावरून उकाडा आत शिरतो. ही देवाणघेवाण पट्टी मधेच तोडते. मात्र वारा जमिनीपर्यंत पोचला पाहिजे. कमरेपाशीच दमला तर खालून गळती चालूच. फार जोर लावला तर तोच आतली-बाहेरची हवा घुसळतो. बाहेर सोसाट्याचा वारा असेल तर पडदा वाकतो. नीट बंद केलेल्या दाराची सर त्याला नाही हे कबूल. पण दिवसभर माणसांची ये-जा असलेलं दार बंद असतं कधी?

शीतगृहांच्या दारांवर हेच यंत्र असतं. खाण्याचे पदार्थ बनवणाऱ्या कारखान्यांत ते माश्या थोपवतं. मोठ्या दुकानांत दूध-दही ठेवलेली ती बिनदाराची थंड कपाटं असतात ना, त्यांच्या तोंडावरही थंड हवेचा असाच पडदा सोडलेला असतो. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जाबचतीच्या इमारत-संहितेत दोन दारांमधल्या देवडीची अट आहे. २०१५ च्या आवृत्तीनं देवडीऐवजी हवेचा पडदाही चालेल असं म्हटलं. त्यातली एक अट अशी, की जमिनीपाशी वाऱ्याचा वेग सेकंदाला निदान दोन मीटर हवा.

हे सगळं टिपण मी साहेबांना सादर केलं. त्यांनी शेवटचा आकडा वाचून सही केली. पडदा बसला. कामकाजाच्या वेळात काचेचं दार भिंतीला टेकवून ठेवलं जाऊ लागलं.

पुढच्या नोव्हेंबरात आजी आल्या. एका हातात काठी, दुसऱ्यात दाखला. उंबऱ्यावर पाऊल ठेवलं आणि वरून वारा आला. पदर फडफडला, त्या दचकल्या आणि दाखला हातातून निसटला. जमिनीपाशी तो क्षणभर भिरभिरला. दुभंगलेल्या वाऱ्याचा कुठला भाग त्याला नेणार, आतला की बाहेरचा? मी काउंटर सोडून धावलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत गिऱ्हाइकासाठी दारापर्यंत जाण्याची ही माझी पहिलीच वेळ. दाखला आतल्या बाजूला पडला होता, पण तिथून सरकत थेट बाकाखाली गेला. मी गुडघे टेकून बाकाखाली शिरलो.

मागून आजींचा आवाज आला. या खेपेस तो अगदी स्पष्ट ऐकू आला.

"सावकाश रे बाबा. मी काही एवढ्यात जात नाही."