विंडोज एक्सपीची सीडी आणि दोन शाखांचा पेच

१/ ऑगस्ट २००३. ‘ब्लास्टर’ हा वर्म जगभरच्या संगणकांत शिरला. त्याला रोखणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैतच दिली होती. परंतु अनेकांच्या हाती विंडोज एक्सपीची सीडी होती २००१ची. नव्याने बसवलेली प्रणाली दुरुस्तीसाठी इंटरनेटला जोडावी, तर ब्लास्टर आधीच गाठण्याची भीती!

२/ म्हणून दुरुस्त्या सीडीतच मिसळण्याची रीत मोलाची ठरली. तिचे नाव ‘स्लिपस्ट्रीमिंग’.

३/ येथेच पेच होता. एकच फाइल अनेक दुरुस्त्यांत निरनिराळ्या आवृत्त्यांनी येई. नवीवर जुनी बसली, की बुजवलेले भगदाड पुन्हा उघडे. निवाडा करी आवृत्ती-क्रमांक: सर्व्हिस पॅक १चा ५.१.२६००.११०६, तर २चा ५.१.२६००.२१८०. मोठा आकडा श्रेष्ठ.

४/ तथापि एकाच फाइलच्या दोन शाखा होत्या. ‘जीडीआर’मध्ये सर्वांसाठीच्या दुरुस्त्या, ‘क्यूएफई’मध्ये त्यांखेरीज विशिष्ट अडचणींवरचे हॉटफिक्सही. केवळ मोठा आकडा पाहून जीडीआरची फाइल घेतली, तर आधीचा हॉटफिक्स पुसला जाई.

५/ यास्तव सुरक्षा-दुरुस्तीच्या संचात दोन्ही शाखांच्या फाइली असत. चालू संगणकावर आधीची शाखा पाहून निवड होई. सीडी घडवणाऱ्याला मात्र आकड्याबरोबर शाखेचाही विचार आधीच करावा लागे.