कमी जिकिरीचा कुत्रा

पहिल्यांदाच कुत्रा पाळावयाचा आहे, फार उठाठेव करावयास सवड नाही, तर कोणत्या जातीचा आणावा? मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः पवईसारख्या नव्या वस्तीत, हा प्रश्न हल्ली पुष्कळ ऐकू येतो. खेड्यातील श्रोत्यांना याचे हसू येईल. गावात कुत्रा कोणी निवडून आणीत नाही. तो आपणहून उंबऱ्याशी येऊन बसतो, चतकोर भाकरी मिळाली की घर राखू लागतो, आणि वर्षभरात तो आपला आहे की आपण त्याचे आहोत हेच कळेनासे होते. पण तालुक्याच्या गावीही आता पिलाची जात विचारली जाते, किंमत विचारली जाते, आणि शाळेतली पोरे मास्तरांना विचारतात, "गुरुजी, कुठला कुत्रा चांगला?"

या प्रश्नाला इतिहासाच्या बाजूनेच उत्तर द्यावे असे मला वाटते. जिकीर कमी की जास्त, हे कुत्र्याच्या जातीवर असते असे लोक समजतात. ते अर्धेच खरे. त्याच्या पूर्वजांनी कोठल्या हवेत, कोणते काम केले आणि आपण त्याला आज कोठे आणून बसवतो, या दोहोंत जेवढे अंतर, तेवढी जिकीर. म्हणून किंमत विचारण्याआधी कुत्र्याचा पूर्वेतिहास विचारावा.

आपल्या मुलखातला हा इतिहास फार जुना आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरा नदीकाठी दायमाबाद म्हणून ठिकाण आहे. तेथे १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला खणताना ओतीव धातूच्या चार जडशीळ वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जोडलेला एक रथ. त्यांच्या काळाबद्दल पंडितांत वाद आहे, पण पुष्कळ जण त्या साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. त्या रथात एक माणूस उभा आहे, आणि त्याच्यापुढे, रथाच्या दांडीवर कोण उभे असावे? कुत्रा! बैल गाडी ओढताहेत, धनी हाकतो आहे आणि कुत्रा पुढे उभा राहून वाट बघतो आहे. आजही बैलगाडीबरोबर चालणारे कुत्रे ज्याने पाहिले आहे, त्याला हे चित्र मुळीच परके वाटणार नाही.

हा कुत्रा कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नव्हता, पण बेवारशीही नव्हता. तो आळीचा होता, मळ्याचा होता, धनगराच्या वाड्याचा होता. खंडोबाच्या पायाशी तो आहे, दत्ताच्या भोवती चार आहेत. नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा तर आपण कीर्तनात लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याचा त्या घासावर काही हक्क आहे अशी ज्या समाजाची समजूत असते, तेथेच अशी कथा रुजते.

शिकारीचे कुत्रे मात्र निराळे. लातूर-उदगीरकडे ज्याला कारवानी म्हणतात, तो सडसडीत, लांब तोंडाचा, खोल छातीचा कुत्रा घ्या. व्यापारी तांड्यांबरोबर तो पश्चिमेकडून आला, म्हणून कारवानी, असे सांगतात. त्याच्याच झुपकेदार केसांच्या प्रकाराला पाष्मी म्हणतात. दक्षिणेस घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात, बेरड लोक असे कुत्रे शिकारीला वापरीत. राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्यांची हौसेने पैदास केली आणि एक जोडी इंग्लंडचा बादशहा पाचवा जॉर्ज यास नजर केली. तेव्हापासून "मुधोळ हाउंड" हे नाव पडले. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत हा मुधोळचा कुत्रा आहे. शिक्षकांनी तिकीट मिळवून वर्गात दाखवण्यासारखे आहे.

आणि कुत्र्याची हौस म्हटली की साताऱ्याचे शाहू छत्रपती आठवलेच पाहिजेत. त्यांचा खंड्या नावाचा कुत्रा होता. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला म्हणतात. महाराजांनी त्याला जरीचे कपडे आणि दागिने घातले, आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, त्याच्या नावे जहागिरीची सनद केली, पालखीही दिली, असे ग्रँट डफ लिहितो. हा स्कॉटिश बखरकार मराठ्यांकडे जरा तिरक्या नजरेनेच बघतो, तेव्हा त्याच्या लिहिण्यातले थोडे मीठ-मसाला समजून सोडावे. पण खंड्याची समाधी संगम माहुलीस आहे, ती कोणीही जाऊन पाहावी. जहागीर, पालखी आणि पालखीचे भोई! कमी जिकिरीचा कुत्रा काही हा नव्हे.

आता मुंबईकडे वळू, कारण "कुत्र्याला मालक पाहिजे" ही कल्पना आपल्याकडे पक्की झाली ती मुंबईत. कंपनी सरकारने १८१३ पासून उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची मुभा दिली होती. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती खरी होती. चावा विषारी निघाला तर त्या काळी उपायच नव्हता, पाश्चरची लस निघायला १८८५ साल उजाडायचे होते. १८३२ मध्ये मुदत वाढवली गेली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लागले. मग काय विचारता! आठ आण्यांसाठी माणसे दारातली, अंगणातली कुत्रीसुद्धा मारू लागली. ६ जूनला पारशी लोकांचा पवित्र दिवस होता. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान. मृतदेहावर त्याची नजर पडावी असा त्यांचा विधी आहे, आणि डोळ्यांवर दोन ठिपके असलेल्या "चार डोळ्यांच्या" कुत्र्याचे त्यात विशेष महत्त्व. कोटातल्या पारशांनी शिपायांवर हल्ला चढवला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद, बाजार बंद. या हरताळात हिंदू, जैन आणि मुसलमानही सामील झाले. गोऱ्या पलटणीचा शिधा अडला, तेव्हा फौज बोलवावी लागली. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत, अशी तोड पुढाऱ्यांनी सुचवली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ निघाला.

या दंग्याकडे बहुतेक लोक पारशांचा धर्माभिमान म्हणून पाहतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आळीचा कुत्रा म्हणजे काय, हे कंपनीच्या कायद्याला कळतच नव्हते. त्याच्या लेखी कुत्रा एक तर कोणा साहेबाचा, नाही तर मोकाट. मधली जागाच नाही. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे आपणही तसेच समजू लागलो. विकत घेतलेला तो कुत्रा, आणि रस्त्यावरचा तो उपद्रव. २००१ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी करून, लस टोचून त्यांना परत त्यांच्या जागी सोडण्याची पद्धत घातली. २०२३ च्या नव्या नियमांनी तर त्याला "भटका" न म्हणता वस्तीचा प्राणी अशा अर्थाचा शब्द वापरला. आळीचा कुत्रा कागदावर यायला दोन शतके लागली म्हणायची.

ज्या काळी हा दंगा झाला, त्याच सुमारास साष्टीतली पवईची जमीन कंपनीने फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी गृहस्थास खंडाने दिली होती. तेथे त्यांनी ऊस, तुती, आंबे लावले. १८३८ मध्ये व्हिक्टोरिया राणीस त्यांनी आंबे धाडले होते. १८९१ मध्ये मुंबईच्या पाण्यासाठी बांध घालून पवईचे तळे झाले, १९५८ मध्ये तंत्रशिक्षणाची मोठी संस्था, आयआयटी, निघाली, आणि गेल्या शतकाच्या शेवटी तळ्याकाठी उंच इमारती उठल्या. मळ्याचा कुत्रा उघड्यावर राही. विसाव्या मजल्यावर तो कोठे राहणार? तेव्हा इमारतीत नवे कुत्रे आले, आणि ते इतिहास न विचारता आले.

त्यांत पुष्कळशी निवड तर चित्रपट आणि जाहिराती यांनीच केली. १९९४ च्या "हम आपके हैं कौन" मध्ये एक पांढरा केसाळ कुत्रा होता, आणि त्या वेळी घरोघर पांढरे पॉमेरेनियन, खरे म्हणजे त्याचा इकडचा भाऊ भारतीय स्पिट्झ, दिसू लागले. २००३ मध्ये टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीत पग आला, की लगेच सगळ्यांना पग हवा. पग हा चीनच्या दरबारातला, मांडीवर बसण्यासाठी पैदास केलेला कुत्रा. त्याचे नाक चपटे. आता असे पाहा, कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, आणि ओलावा वाळवून अंग थंड करतो. ज्याचे नाक-घसाच आखूड, त्याला हे नीट जमत नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत तर ओलावा वाळतच नाही. मे महिन्यात असा कुत्रा घुरघुरताना ऐकून लोक कौतुकाने हसतात. ते घोरणे नव्हे, श्वासासाठीची धडपड असते.

सैबेरियातला हस्की बर्फावरून गाडी ओढण्यासाठी घडला. त्याला दुहेरी लोकर. आल्प्स पर्वताच्या मठातील साधूंनी पाळलेला सेंट बर्नार्डही थंडीचाच. यांना पवईत आणले तर चोवीस तास थंड यंत्र लावावे लागते, म्हणजे खंड्याच्या पालखीचा खर्च परत आलाच. लॅब्राडॉरचे लोक नाव घेतात, आणि स्वभावाने तो खरोखर गोड आहे. मुंबई पोलिसांचा "झंजीर" याच जातीचा होता. १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर त्याने हुडकून दिलेल्या स्फोटकांनी किती जीव वाचले असतील! पण लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर गार पाण्यात जाळी ओढीत. त्याला पाणी हवे, मेहनत हवी, आणि भूक तर अशी की कधी सरत नाही. दिवसभर बंद घरात ठेवला की फुगतो, पाय धरतात, आणि केस वर्षभर झडतात ते निराळेच.

मग देशी अभिमानाने कारवानी आणावा काय? त्याचे केस आखूड, ऊन सोसणारा, आजार कमी, हे सगळे खरे. परंतु तो सशामागे मोकळ्या माळावर पळण्यासाठी घडला आहे. दोन खोल्यांत बांधला तर भित्रा आणि चिडका होतो. ज्याचा मळा आहे, ज्याला सकाळ-संध्याकाळ त्याला रानात सोडता येते, अशा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने जरूर पाळावा. पवईच्या नवख्या माणसाने नको.

राहिला गावठी कुत्रा. मध्यम बांधा, आखूड केस, उभे कान, शेपटीला वळण. या हवेत, या भाकरीवर हजारो वर्षे जो टिकला, तोच उरला. त्याची पैदास कोणी रूप बघून केली नाही, म्हणून चपट्या नाकाचे किंवा लांब पाठीचे दुखणे त्याला नाही. केस कापावे लागत नाहीत, आंघोळ महिन्यातून एकदा पुरते. माझ्या मते पहिल्यांदा पाळणाऱ्याने हाच घ्यावा. दुकानातून विकत घेण्याचीही गरज नाही. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे पिले असतात.

पण त्याचाही इतिहास विसरू नये. तो राखणदार आहे, परका दिसला की भुंकणारच, आणि शेजारी तक्रार करणारच. म्हणून पिलू दोन महिन्यांचे झाल्यावर आणावे आणि पहिल्या तीन-चार महिन्यांतच लिफ्ट, टपालवाला, लहान मुले, मोटारींचे आवाज या सर्वांची ओळख करून द्यावी. रोज दोन वेळा फिरवावे. कमी जिकिरीचा म्हणजे बिनजिकिरीचा नव्हे. आईपासून लवकर तोडलेले आणि आठ तास एकटे ठेवलेले पिलू कोणत्याही जातीचे असो, चपला फाडते.

आपल्या ताटातले त्याला देताना मात्र जपावे. कांदा आणि लसूण त्याच्या रक्ताला बाधतात, द्राक्षे व चॉकलेट तर विषच समजावे. म्हणजे आमटी-भात घालायचा तो फोडणीआधीचा. पावसाळ्यात गोचीड फार होते, तेव्हा कानात आणि बोटांच्या बेचक्यात रोज बघावे. तीन महिन्यांचे झाल्यावर पिसाळरोगाची लस, मग पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दुसरी, आणि पुढे वेळेवर. मुंबईत महानगरपालिकेचा परवानाही काढावा लागतो, आणि लसीचा दाखला असल्याशिवाय तो मिळत नाही.

पवईपुरती एक गोष्ट आणखी. तळ्याच्या पलीकडे बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान लागते आणि तेथले बिबटे रात्री आयआयटीच्या आवारापर्यंत येतात. कुत्रा हे त्यांचे नेहमीचे भक्ष्य आहे. गावच्या धनगराने कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातलेला तुम्ही पाहिला असेल, तो याच भीतीने. इमारतीतल्या माणसाला पट्ट्याची गरज नाही. अंधार पडल्यावर कुत्र्याला दोरीशिवाय झाडीकडे सोडू नये आणि रात्री गच्चीत किंवा अंगणात बांधून ठेवू नये, एवढे त्याने पाळले तरी पुरे.