एका चित्राचे नऊ-साडेनऊ पेन्स

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी माझ्या संशोधन आराखड्यात एक वाक्य होतं: 'विल्यम ब्लेक हा आयुष्यभर उपेक्षित आणि दरिद्री राहिलेला प्रतिभावंत.' मला ते वाक्य फार आवडायचं. गाइडनी त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि समासात एकच शब्द लिहिला: 'कशावरून?'

खरं तर उत्तर सोपं वाटलं होतं. आपल्यापैकी बहुतेकांनी ब्लेकची 'द टायगर' ही कविता बी.ए.ला वाचली आहे आणि सोबतच्या नोट्समध्ये 'गरिबीत गेलेला, वेडा ठरवलेला कवी' हेही वाचलं आहे. पण 'कशावरून' शोधत मागे गेले तर नोट्स एका चरित्रावरून, ते चरित्र दुसऱ्यावरून, आणि असं करत करत सगळी वाट अलेक्झांडर गिलख्रिस्टच्या १८६३ सालच्या चरित्रापाशी येऊन थांबली. त्याचं उपशीर्षकच लॅटिनमध्ये 'अज्ञात चित्रकार' असं आहे. घरातले पैसे संपले की बायको कॅथरिन जेवणाच्या वेळी रिकामं ताट ब्लेकसमोर ठेवायची, ही गोष्टही त्यातलीच. छान गोष्ट आहे. पण ब्लेक वारला १८२७ मध्ये आणि पुस्तक आलं ३६ वर्षांनी. म्हणजे ही ऐकीव आठवण. ऐकीव आठवण खोटीच असते असं नाही, पण तिच्यावर आख्खं प्रकरण उभं करता येत नाही.

मग मी प्रश्न बदलला. 'उपेक्षित होता का?' हा प्रश्न मोजता येत नाही. 'कोणत्या कामाचे किती पैसे मिळाले, आणि काम झाल्यावर वस्तू कुणाच्या मालकीची झाली?' हा मोजता येतो. जी. ई. बेंटली यांनी ब्लेकसंबंधीची समकालीन कागदपत्रं 'ब्लेक रेकॉर्ड्स' या जाडजूड ग्रंथात एकत्र केली आहेत. पत्रं, रोजनिशीतल्या नोंदी, पावत्या, खात्यावरचे आकडे असं सगळं त्यात आहे. कवितांच्या मानाने रटाळ वाचन आहे हे कबूल करते. पण माझं प्रकरण तिथूनच पुन्हा लिहावं लागलं.

आधी ब्लेकचा धंदा समजून घेऊ. १७७२ मध्ये, चौदाव्या वर्षी, त्याला जेम्स बझायर या एनग्रेव्हरकडे सात वर्षांसाठी उमेदवारीला ठेवलं. त्यासाठी वडिलांनी ५२ पौंड १० शिलिंग भरले. वडील मोजे-कपड्यांचे दुकानदार. म्हणजे एवढी रक्कम उभी करू शकणारं घर होतं, हे आधी नोंदवून ठेवा. एनग्रेव्हर म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरणारा. गुळगुळीत पत्र्यावर काही रेषा ॲसिडने खायच्या, काही कोरणीने कापायच्या, त्यांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओलसर कागद ठेवून दाबाखाली काढायचा. चित्र उलटं कोरायचं, म्हणजे छापल्यावर सुलटं येतं. एका पत्र्याला कित्येक आठवडे जात. आणि बहुतेक वेळा चित्र दुसऱ्याचं असे, एनग्रेव्हर फक्त ते तांब्यावर आणणारा. लंडनच्या रॉयल अकॅडमीतही एनग्रेव्हरांना पूर्ण सभासदत्व नव्हतं, 'असोसिएट' म्हणून सहा जागा होत्या तेवढ्याच. चित्रकार वर, कोरणारा खाली, अशी सरळ उतरंड.

आता हिशेब. (पैशांचं गणित लक्षात असू द्या: १ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स, आणि गिनी म्हणजे २१ शिलिंग.)

रिचर्ड एडवर्ड्स या पुस्तकविक्रेत्याला एडवर्ड यंगच्या 'नाइट थॉट्स' या दीर्घकाव्याची सचित्र आवृत्ती काढायची होती. पानाच्या मध्यभागी कविता आणि भोवती ब्लेकचं चित्र. चित्रकार फॅरिंग्टनच्या रोजनिशीत जून १७९६ची नोंद आहे, त्यानुसार ब्लेकने सगळ्या चित्रांचे १०० गिनी मागितले, एडवर्ड्स म्हणाला २० पेक्षा जास्त परवडणार नाहीत, आणि ब्लेक तयार झाला. ब्लेकने एकूण ५३७ जलरंगचित्रं केली. २० गिनी म्हणजे ५०४० पेन्स, भागिले ५३७. एका चित्राचे नऊ-साडेनऊ पेन्स! कॅल्क्युलेटर मी दोनदा दाबून पाहिला.

इथे 'बिचारा ब्लेक' म्हणून थांबायचा मोह होतो. थांबू नका. तो तयार का झाला, हा खरा प्रश्न. माझं उत्तर असं की, त्याची नजर चित्रांच्या पैशांवर नव्हतीच, पुढच्या कोरण्याच्या कामावर होती. खरी मजुरी तिथे होती. तुलना करून बघा. १७९९ च्या एका पत्रात ब्लेक लिहितो की पन्नास लहान चित्रांची ऑर्डर मिळाली आहे, प्रत्येकी एक गिनी. गिऱ्हाईक थॉमस बट्स, लष्करी हजेरीपटाच्या सरकारी कचेरीतला कारकून. म्हणजे स्वतःच्या कल्पनेतलं, स्वतः रंगवलेलं संपूर्ण चित्र एक गिनी. आणि १८१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेसिअडच्या चित्रमालेसाठी त्याने मित्र फ्लॅक्समनची रेखाचित्रं तांब्यावर कोरली, तेव्हा लाँगमन प्रकाशनाने दिले पत्र्याला ५ गिनी. असे ३७ पत्रे. दुसऱ्याच्या रेषा उतरवायला स्वतःच्या चित्राच्या पाचपट.

अर्थात १७९६, १७९९ आणि १८१७ चे आकडे असे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. मध्ये नेपोलियनची युद्धं झाली आणि महागाई झाली. 'आजच्या रुपयांत किती?' हा प्रश्न तर व्याख्यानात हमखास येतो आणि मी हमखास टाळते. कारण भाकरी, घरभाडं आणि तांबं यांचे भाव एकाच दराने वाढत नाहीत. पण प्रकाशक कशाला पैसा मोजतो, एवढं या आकड्यांवरून दिसतं. कोरलेला पत्रा हे भांडवल आहे, त्यातून शेकडो प्रती निघतात. कल्पना एकदा कागदावर उतरली की ती ज्याने विकत घेतली त्याची.

माझे काका लग्नपत्रिकांची डिझाइनं करायचे, ट्रेडल मशीनच्या काळात. डिझाइनचे पैसे एकदाच मिळत, पण झिंकचा ब्लॉक प्रेसवाल्याकडे राही आणि त्यातला गणपती पुढची कित्येक वर्षं कुणाकुणाच्या पत्रिकेवर नाचत असे. काकांची तक्रार कधी डिझाइनच्या दराबद्दल नसे, 'ब्लॉक माझ्याकडे हवा होता' एवढीच असे. ब्लेकची पुढची भांडणं मला काकांमुळे चटकन कळली.

'नाइट थॉट्स'चे ४३ पत्रे कोरून झाले, १७९७ मध्ये पहिला भाग निघाला आणि पुढचे भाग आलेच नाहीत. ५३७ चित्रांतली जवळजवळ पाचशे कोरण्यावाचून राहिली.

दुसरा फटका मोठा. १८०५ मध्ये रॉबर्ट क्रोमेक या उद्योगी माणसाने ब्लेअरच्या 'द ग्रेव्ह' या कवितेसाठी ब्लेककडून चित्रं घेतली. पहिल्या जाहिरातीत कोरणारा म्हणूनही ब्लेकचंच नाव होतं. ब्लेकने नमुन्यादाखल एक पत्रा करून दाखवला, काळ्या पृष्ठभागावर पांढऱ्या रेषा, एकदम राकट. त्याचा एकच छाप आज माहीत आहे. त्यानंतरच्या जाहिरातीत कोरणारा म्हणून नाव आलं लुइगी स्कियाव्होनेट्टीचं. त्याचं काम मऊ, गुळगुळीत, बाजाराला आवडणारं. ब्लेकच्या हातातून निसटला तो मान नाही, मजुरीचा मोठा भाग निसटला. चिडलेला ब्लेक आणि चिडलेला क्रोमेक यांच्यात पुढे पत्रापत्री झाली. १८०७ च्या पत्रात क्रोमेक सुनावतो की, मी आलो तेव्हा तुम्ही नवरा-बायको आठवड्याला अर्ध्या गिनीवर दिवस काढत होता. हे वाक्य ब्लेकच्या गरिबीचा पुरावा म्हणून ठिकठिकाणी येतं. पण ते लिहिणारा कोण? ज्याच्यावर फसवणुकीचा आरोप आहे तो. 'मी उपकार केले' हे त्याला सिद्ध करायचं आहे. साधन वापरा, पण कोण बोलतंय ते वाक्यातच सांगा.

(जाता जाता: याच कामातली १९ मूळ जलरंगचित्रं २००१ मध्ये ग्लासगोच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडली. २००६ मध्ये लिलावात ती सुटी सुटी विकायला काढली. दोनशे वर्षं एकत्र टिकलेला संच विखुरला. अभ्यासकांनी आरडाओरडा केला, उपयोग झाला नाही.)

मग पत्रा स्वतःचाच ठेवायचा, हा मार्ग ब्लेकने आधीच शोधला होता. १७८८च्या सुमारास त्याने एक पद्धत काढली. ॲसिड न खाणाऱ्या द्रवाने तांब्यावर थेट अक्षरं आणि चित्र काढायचं, बाकीचा भाग ॲसिडने खोल करायचा, उठून राहिलेल्या भागाला शाई लावून घरच्या दाबयंत्रावर छापायचं आणि वर हाताने रंगवायचं. मजकूर उलटा लिहायचा, पानंच्या पानं! तांबं महाग, म्हणून 'साँग्ज ऑफ इनोसन्स'च्या पत्र्यांच्या पाठीवरच 'साँग्ज ऑफ एक्सपीरियन्स' कोरलं. ऑक्टोबर १७९३ मध्ये त्याने दरपत्रक काढलं: 'साँग्ज' प्रत्येकी ५ शिलिंग, 'अमेरिका' साडेदहा शिलिंग. त्यात तो म्हणतो की कलावंत गरीब राहतो, कारण आपलं काम लोकांपर्यंत पोचवायचं साधन त्याच्या हाती नसतं. आणि वर्गणीदार नकोत, रास्त भावात माल विकू, हेही ठणकावून सांगतो. हा बिचारा माणूस वाटत नाही. गंमत म्हणजे या दरपत्रकाचा मूळ कागद आज हाती नाही, मजकूर टिकला तो गिलख्रिस्टने छापला म्हणून. ज्या पुस्तकावर मी एवढी टीका केली त्याचेच आभार मानायची वेळ आली.

पुढे भाव चढत गेले. १८१८ मध्ये तो एका चौकशीला उत्तर देताना 'इनोसन्स'चे ३ गिनी सांगतो. १८२७ मध्ये दोन्ही मिळून १० गिनी, आणि वर म्हणतो की एवढ्यातही छापणं तोट्याचंच. पूर्वी समज होता की गिऱ्हाईक आलं की ब्लेक एक प्रत छापायचा. जोसेफ व्हिस्कोमी यांनी १९९३ मध्ये शाईचे रंग, कागद आणि छपाईच्या खुणा ताडून दाखवलं की तो एकदम छोट्या खेपा काढून ठेवायचा. म्हणजे माल आधी, गिऱ्हाईक नंतर, असा दुकानदारी हिशेब.

शेवटच्या वर्षांत त्याला जॉन लिनेल भेटला. हाही चित्रकार, वयाने ३५ वर्षांनी लहान, आणि कागद जपणारा. २५ मार्च १८२३ रोजी दोघांत लेखी करार झाला: बायबलमधल्या 'जॉब'च्या कथेवर २० पत्रे, १०० पौंड, तांबं लिनेलचं, आणि नफा झाला तर त्यातून आणखी १००. नफा काही झाला नाही. १४ जुलै १८२६ ची पावती सांगते की, ब्लेकला 'जॉब'च्या २२ पत्र्यांचे आणि त्यांच्या हक्कांचे मिळून १५० पौंड पोचले. साक्षीदाराची सही आहे. ब्लेकच्या साऱ्या कागदांत मला सगळ्यात जास्त आवडतो तो हा. पहिल्यांदाच पत्रा, हक्क आणि रक्कम या तिन्ही गोष्टी एका कागदावर स्पष्ट लिहिलेल्या आहेत.

ते पत्रे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांच्या पुढच्या बाजूकडे शंभर-दीडशे वर्षं लोक बघत होते. मेइ-यिंग सुंग या संशोधिकेने ते उलटे करून पाहिले. पाठीवर हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा होत्या. कोरताना रेष चुकली तर ती खरवडून घासतात, तिथे खळगा पडतो, मग पत्रा उलटा करून नेमक्या जागी मागून ठोकून पृष्ठभाग सपाट करतात. पुण्यातल्या तांबट आळीत मठारकाम पाहिलेल्यांना हे सांगायला नको. ब्लेक पुन्हा पुन्हा चुका दुरुस्त करत होता, असं या ठोक्यांवरून दिसलं. त्याची कल्पना आणि हात एकाच झपाट्यात चालत, असं त्याचे अभ्यासक मानत आले होते. त्या समजाला यामुळे मोठा धक्का बसला. सुंग यांचं पुस्तक २००९ चं आहे. म्हणजे इतक्या घोटलेल्या विषयातही पत्रा उलटा करून बघायचं राहून गेलं होतं.

माझ्या आराखड्यातलं ते वाक्य आता नाही. तिथे आहे: 'ब्लेक हा प्रशिक्षित कारागीर होता, त्याला काम मिळत होतं, कधी कमी कधी जास्त, तो अडचणीत आला तो मुख्यतः कोरण्याची मजुरी आणि पत्र्याची मालकी हातची गेली तेव्हा.' हे मी समर्थपणे मांडू शकते असं मला वाटतं. 'फ्रीलान्स' हा शब्द मात्र मी प्रबंधात टाळला आहे. त्या काळच्या धंद्यात त्याला तसं कुणी म्हणत नव्हतं, आणि आजचा शब्द मागे नेला की आजच्या तक्रारीही नकळत मागे जातात.

सुधारलेलं प्रकरण दिलं, तर गाइडनी १७९३ च्या दरपत्रकापाशी पुन्हा पेन्सिल चालवली: 'या ५ शिलिंगांत कॅथरिनचे किती?' १७८२ मध्ये लग्नाच्या नोंदवहीत सहीच्या जागी फुली करणारी कॅथरिन पुढे छापायला आणि रंगवायला शिकली, हे सगळेच लिहितात. पण दरपत्रकात तिचं नाव नाही, 'जॉब'च्या पावतीत नाही. नवऱ्याच्या हयातीतला एक धागा मला सापडला आहे. जानेवारी १८०३ मध्ये ब्लेक भावाला कळवतो की कूपर या कवीच्या चरित्रातले सगळे पत्रे छापायचं काम बायकोने अंगावर घेतलं आहे, ती ते उत्तम करते आणि छपाई सगळ्यांना पसंत पडते. माझ्या देखरेखीखाली, हेही तो जोडतो. सध्या मी त्या पत्रापाशी अडकले आहे.