नवरंग (पक्षिकुल)

नवरंग कुल किंवा पिट्टिडी हे उष्ण कटिबंधातील जंगलांच्या जमिनीवर वावरणाऱ्या लहान पक्ष्यांचे कुल आहे. यात सुमारे ४४ जाती असून त्या पिट्टा, एरिथ्रोपिट्टा आणि हायड्रॉर्निस या तीन प्रजातींत विभागल्या जातात. 'पिट्टा' हा शब्द तेलुगू असून त्याचा अर्थ लहान पक्षी असा आहे. महाराष्ट्रात या कुलातील भारतीय नवरंग (पिट्टा ब्राकियुरा) हीच जाती सर्वत्र परिचित आहे. पुणे जिल्ह्यातील भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांच्या घाटमाथ्यावर ती पावसाळ्याच्या तोंडावर विणीसाठी येते.

वर्गीकरण

हे पक्षी चटक गणातील असले, तरी ज्यांना काटेकोर अर्थाने गायक पक्षी म्हणतात त्या उपगणात ते मोडत नाहीत. त्यांच्या स्वरयंत्राची रचना तुलनेने साधी असते. गायक पक्षी मोठ्यांचे ऐकून गाणे शिकतात. नवरंग कुलातील पक्ष्यांची शीळ बहुतांशी उपजत मानली जाते. कुलातील दोन जाती आफ्रिकेत आढळतात. उरलेल्या भारतीय उपखंडापासून जपान, ऑस्ट्रेलिया व सॉलोमन बेटांपर्यंत विखुरल्या आहेत. आग्नेय आशियात जातींची संख्या सर्वाधिक आहे.

भारतीय नवरंगाला लिनियसने १७६६ मध्ये कावळ्यांच्या प्रजातीत टाकून कॉर्व्हस ब्राकियुरस असे नाव दिले होते. ब्राकियुरा म्हणजे आखूड शेपटीचा. विशेषण टिकले, कावळ्याशी जोडलेले नाते मात्र लवकरच मोडले. भारतात याखेरीज निळा, निळ्या मानेचा, टोपीवाला आणि खारफुटीतला असे नवरंग आढळतात. त्यांचे वास्तव्य मुख्यतः ईशान्य व पूर्व भारतात आहे.

वर्णन

भारतीय नवरंग मैनेहून लहान, साधारण १९ सेंमी लांबीचा, गुबगुबीत व जवळजवळ बिनशेपटीचा दिसतो. पाय लांब व दणकट असतात. पाठ हिरवी, गळा पांढरा, पोट पिवळसर बदामी, तर पोटाचा मागचा भाग व शेपटीखालची बाजू लालभडक असते. डोळ्यावरून जाणारा काळा जाड पट्टा लांबूनही ओळखू येतो. खांद्यावर व कमरेवर चकचकीत निळा रंग असतो. उडताना पंखांवरील पांढरा ठिपका उठून दिसतो. नर व मादी सारखेच दिसतात.

इतके रंग अंगावर असूनही हा पक्षी सहजी दिसत नाही. झाडोऱ्याच्या सावलीत वाळक्या पानांवर तो स्तब्ध उभा राहिला, की पाठीचा हिरवा रंग भोवतालात विरून जातो. त्यामुळे तो आधी ऐकू येतो. त्याची शीळ दुस्वरी असून ती पहाटे व संध्याकाळी अधिक घुमते. तमिळमध्ये त्याला 'सहाच्या ठोक्याचा पक्षी' अशा अर्थाचे नाव आहे. पावसाळ्यापूर्वी ओरडणारा पावशा मात्र वेगळा पक्षी असून तो कोकिळेच्या कुलातील आहे.

आहार

कीटक, त्यांच्या अळ्या, गांडुळे व गोगलगायी हे त्याचे खाद्य होय. जमिनीवर टुणटुण उड्या मारत तो चोचीने पाने उलटवतो आणि ओल्या मातीत भक्ष्य शोधतो. मेंदूतील गंधज्ञानाचा भाग या पक्ष्यात इतर चटक पक्ष्यांच्या तुलनेत मोठा आढळला आहे. पानांखाली दडलेले भक्ष्य शोधताना वासाचा उपयोग होत असावा. रात्री विश्रांतीसाठी तो झाडावर जातो.

स्थलांतर व वीण

हिवाळ्यात हे पक्षी दक्षिण भारतात व श्रीलंकेत असतात. मे अखेरीस ते उत्तरेकडे सरकतात. हिमालयाचा पायथा, मध्य भारतातील डोंगर व कर्नाटकापर्यंतचा पश्चिम घाट हे त्यांचे विणीचे प्रदेश आहेत. प्रवास रात्री होतो. थकलेला नवरंग शहरातल्या एखाद्या बागेत किंवा थेट घरात सापडल्याच्या घटना त्यामुळेच घडतात. अशा पक्ष्याला शांत, अंधाऱ्या खोक्यात थोडा वेळ ठेवल्यास तो बहुधा सावरतो.

वीण जून ते ऑगस्टमध्ये होते. काटक्या, मुळे, गवत व वाळकी पाने यांचे चेंडूसारखे घरटे जमिनीवर किंवा कमी उंचीच्या फांदीवर असते. त्याला एका बाजूने दार असते. मादी चार-पाच चकचकीत पांढरी, जांभळट ठिपक्यांची अंडी घालते.

भोर व वेल्हे परिसर

वरंधा घाट, मढे घाट, राजगड व तोरण्याची उतरण, तसेच भाटघर, नीरा-देवघर, पानशेत व वरसगाव जलाशयांच्या वरच्या अंगाचे डोंगर या भागात पाऊस भरपूर पडतो. हिरडा, जांभूळ, अंजनी, ऐन व कारवी यांचे निमसदाहरित जंगल येथे तुकड्यातुकड्यांनी उरले आहे. नवरंगाला उंच वृक्षांपेक्षा त्यांच्या बुंध्यापाशी साचलेला पाचोळा अधिक महत्त्वाचा असतो, आणि येथील अडचण नेमकी तीच आहे. उन्हाळ्यातले वणवे पाचोळा जाळून टाकतात. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याच्या जुन्या पद्धतीतही फांद्या व पालापाचोळा गोळा होतो. अलीकडे फार्महाऊस व भूखंडांसाठी उतार यंत्राने सपाट केले जातात, तेथे जमिनीचा वरचा थरच उरत नाही. राब निदान जंगलाची जमीन जागेवर ठेवतो. सपाटीकरणानंतर तीही राहत नाही.

या पार्श्वभूमीवर देवरायांचे मोल मोठे आहे. देवीच्या रानातील वाळके लाकूडही उचलायचे नाही, या दंडकामुळे तेथे पाचोळा वर्षानुवर्षे कुजत राहतो. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून त्यांचे परिसंस्थात्मक महत्त्व अभ्यासकांपुढे आले. मंदिरांचा जीर्णोद्धार करताना भोवती फरशी घालणे व 'स्वच्छते'साठी पाने झाडून जाळणे हा या रानांना असलेला नवा धोका आहे.

संवर्धन स्थिती

भारतीय नवरंग जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानला जात नाही. कुलातील इतर काही जातींची स्थिती मात्र गंभीर आहे. थायलंड व म्यानमारमधील गर्नीचा नवरंग १९५२ नंतर अनेक वर्षे दिसला नव्हता. १९८६ मध्ये तो थायलंडमध्ये पुन्हा सापडला. सखल प्रदेशातील जंगले तोडून लावलेल्या तेलमाडांच्या बागा हे त्याच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण आहे.