खरखर आणि घरघर

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत; वर खरखर! १९८२ साली सीडी बाजारात आली, खरखर गेली. आज एका टेराबाइटात सीडीच्या प्रतीचे दीड हजार तास मावतात. पण आता संगणकाचा पंखा घरघरतो.

भोसरीच्या कारखान्यात हयात घालविलेल्या वडिलांसाठी चिंचवडच्या घरी संगणक जुळविताना मी एकच कसोटी लावली: फिरेल ते नको. कमी वीज खाणारा प्रोसेसर, पंख्याऐवजी उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची पन्हळदार पेटी, फिरत्या चकतीऐवजी एसएसडी.

वसुबारसेच्या रात्री मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी तबकडी त्यावर लावली. खरखर आलीच. पुसू का, विचारले.

"राहू दे," वडील म्हणाले, "ती त्यांच्या काळाची आहे. घरघर तेवढी आपली होती."