जीपचा वायपर

आमची वाडी पाटणच्या पुढं, कोयनेच्या खोऱ्यात. दिवसाला एसटीच्या दोन फेऱ्या, त्यातली एक पावसाळा लागला की बंद. म्हणून १९७९ साली आबा आणि तात्यांनी मिळून एक जुनी पेट्रोलची जीप घेतली. दोन म्हशी आणि आईच्या पाटल्या त्यात गेल्या. मी दहावी करून शेतीत पडलो होतो. तात्या ड्रायव्हर, आबा हिशेबाला आणि वर एक क्लीनर पोरगा. आमच्याकडं त्याला किन्नर म्हणत. असं आमचं वडाप सुरू झालं.

त्या जीपच्या काचेवर दोन वायपर होते. डावीकडचा हातानं हलवायचा. आतल्या बाजूला छोटी मूठ होती, ती शेजारी बसलेल्यानं फिरवायची. उजवीकडचा, ड्रायव्हरपुढचा, आपोआप चाले. पण त्याला वीज लागत नसे. इंजिनापासून एक रबरी नळी वर आली होती. पेट्रोलचं इंजिन अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा आत ओढतं. त्या ओढीवर हा वायपर हलायचा. चढाला तात्यांनी पाय दाबला की झडप उघडे, ओढ कमी होई आणि वायपर बैलासारखा मधेच थांबे. मग तात्या क्षणभर पाय उचलत, दोन फटके मारून घेत आणि पुन्हा दाबत. कुंभार्ली घाटात हे सारखं चाले. आम्हाला वाटायचं, सगळ्या गाड्यांचं असंच असतं.

हाताच्या वायपरची गोष्ट मला फार पुढं वाचायला मिळाली. अमेरिकेत अलाबामाकडची मेरी अँडरसन नावाची बाई थंडीत न्यूयॉर्कला गेली होती. बर्फाळ पावसात ट्रामच्या ड्रायव्हरला काच उघडून पुढं बघावं लागतंय, हे तिनं पाहिलं. आतून मूठ फिरवली की बाहेर रबराची पट्टी काच पुसेल, अशी युक्ती तिनं काढली. १९०३ साली तिला पेटंट मिळालं. पैसा मात्र मिळाला नाही. ऐंशी वर्षांनी आमच्या वाडीत ती युक्ती चालूच होती.

पेट्रोल परवडेना झालं. आमच्या भागातले वडापवाले एकामागून एक गाडीत डिझेलचं इंजिन बसवून घेऊ लागले. १९८५ च्या चैत्रात आम्हीही जीप कराडला नेऊन इंजिन बदललं. खर्च निम्म्यावर आला. आबांनी देवाला नारळ फोडला. पुढं दोन महिने कडक ऊन. वायपरकडं बघायचं कुणाला कारणच नव्हतं.

मृगाचा पहिला पाऊस आला. तात्यांनी खटका फिरवला. वायपर जागचा हलला नाही.

तात्यांनी विचारलं, "कुणी हात लावला हुता रं ह्येला?"

मी सांगितलं. आदल्याच आठवड्यात किन्नर पोरगा काच धूत होता, आणि वायपरची दांडी धरून त्यानं ओढली होती. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. जे पाहिलं तेच बोललो.

पोरगा म्हणाला, "तात्या, म्यां फकस्त वर उचलली. आई शप्पथ!"

तात्यांनी त्याच्या मुस्काटात दिली. आबांनी महिन्याच्या पगारातले चाळीस रुपये कापून घेतले आणि त्याला घरी पाठवलं. त्यानं जाताना माझ्याकडं एकदा बघितलं. मी खाली मान घालून टायरची हवा बघत राहिलो.

आम्ही रबर बदललं, दांडी बदलली, वायपरजवळचा नळीचा तुकडा नवा घातला. काही उपयोग झाला नाही. त्याच आठवड्यात रात्री वहिनीला कळा सुरू झाल्या. पाऊस असा, की हातभर पुढचं दिसेना. तात्यांनी चिमूटभर तंबाखू काचेवर चोळली. तंबाखू चोळली की पाणी थेंबाथेंबानं न राहता पसरून वाहतं, हा ड्रायव्हर लोकांचा जुना उपाय. पण त्या पावसापुढं तो टिकेना. शेवटी वायपरला दोरी बांधली. एक टोक माझ्या हातात, दुसरं तात्यांच्या मागं बसलेल्या दादाच्या हातात. मी ओढायचं, मग दादानं ओढायचं. वहिनी कण्हत होती, आणि दादाचा हात थांबला की तात्या ओरडत, "वढ! फुडं वढा हाय का रस्ता, त्येच दिसंना!" पाटणच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दोघांचेही तळहात सोलले होते. पहाटे मुलगी झाली. ती आज शाळेत मास्तरीण आहे.

दुसऱ्या दिवशी तिथल्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रींना जीप दाखवली. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. वायपरची नळी सोडवली, तोंडात धरली आणि श्वास ओढला. वायपर टकन हलला! पुन्हा ओढला, पुन्हा हलला. मग बॉनेट उघडून नळीचं दुसरं टोक शोधलं. ते कुठंच जोडलेलं नव्हतं. तारेनं बांधून नुसतं लोंबत होतं.

मिस्त्री म्हणाले, "वायपर जिता हाय. त्येचा श्वास तुमी काढून घेतलाय. डिझेलच्या इंजनात हवेला तसली झडप नसती. वढ कुठनं यायची?"

मग विजेवर चालणारी मोटर बसवून घेतली. पुढं तिचेही रोग शिकलो. मोटरचा आवाज येतो पण दांडी हलत नाही, तर दांडीचे दाते झिजलेले. आवाजच नाही, तर आधी फ्यूज, मग वायर, मग पत्र्याला गंज चढून सुटलेली अर्थ. फिरतो पण काच पुसत नाही, तर नुसतं रबर. मोटर सगळ्यात शेवटी उघडायची. मिस्त्रींचं एक वाक्य मी धरून ठेवलं: "बंद पडलं त्येच बिघडलं, आसं धरून चालायचं न्हाई."

त्या दिवशी घरी येताना तात्या एक शब्द बोलले नाहीत. मी आबांना म्हणालो, पोराला बोलावू. पण तो तोवर मुंबईला गेला होता.

बारा वर्षांनी तो मला पालीच्या यात्रेत भेटला. स्वतःचा टेंपो घेऊन आला होता. मी सगळं सांगितलं आणि खिशातून चाळीस रुपये काढले. तो हसला.

"मला तवाच दिसलं हुतं, दादा. नळी मोकळी लोंबत हुती. सांगणार हुतो, पर तात्यांचा हात आधी आला."

पैसे त्यानं घेतले नाहीत. चहा घेतला. निघताना त्याच्या टेंपोचा वायपर मी उगाचच उचलून बघितला आणि हळूच खाली ठेवला.