विद्येसाठीं देशांतर : पुण्या-मुंबईंतील तीन जर्मन संस्कृतज्ञ

वृत्तीच्या निमित्तानें परदेशीं जावें कीं न जावें, आणि जावें तर कोणत्या तयारीनें जावें, हा प्रश्न आजकाल घरोघर निघतो. गेल्या वर्षीं आमचा एक जुना विद्यार्थी जर्मनीस नोकरीवर जाण्यापूर्वीं निरोप घेण्यास आला, आणि "परदेशीं जातांना काय बरोबर न्यावें?" असें त्यानें आम्हांस विचारिलें. त्या वेळीं आम्हीं जें उत्तर दिलें तें अपुरें होतें. तें पुरें करण्याचा हा यत्न आहे. जो प्रवास तो आज करीत आहे, त्याच्या उलट दिशेनें, म्हणजे जर्मनीहून आमच्या पुण्या-मुंबईकडे, वृत्तीच्या शोधांत आलेल्या तीन पंडितांचीं चरित्रें या कामीं उपयोगी पडतील. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस तर त्यांत स्वतःचाही संबंध दिसून येईल.

मार्टिन हौग (१८२७-१८७६), गेओर्ग ब्यूलर (१८३७-१८९८) व फ्रान्झ कीलहॉर्न (१८४०-१९०८) हे ते तिघे होत. त्या काळीं जर्मन विद्यापीठांत संस्कृताचा अभ्यास जोरांत होता, पण शिकणारे पुष्कळ आणि जागा थोड्या अशी स्थिति होती. नव्या पंडितास अध्यापनाचा अधिकार मिळे, पण वेतन मिळत नसे. विद्यार्थ्यांच्या फीवर निर्वाह करावा लागे. इकडे १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. पुण्यास दक्षिणेच्या पैशांतून १८२१ सालीं निघालेली संस्कृत पाठशाळा १८५१ सालीं पूना कॉलेजांत विलीन झाली होती. या नव्या विद्यालयांस नव्या पद्धतीनें संस्कृत शिकविणारे अध्यापक हवे होते. एका देशांत विद्या अधिक आणि दुसऱ्यांत जागा अधिक, या विषमतेंतून हें देशांतर घडलें.

तिघांत प्रथम आले ते हौग. हे शेतकऱ्याचे पुत्र. बॉन येथें अध्यापन आणि हायडेलबर्ग येथें बुन्सेन यांच्या हाताखालीं काम करून १८५९ सालीं त्यांनीं पुण्याच्या कॉलेजांतील संस्कृत विभागाचें प्रमुखपद पत्करिलें.

ब्यूलर यांची तयारी अधिक शिकण्यासारखी आहे. गॉटिंगेन येथें बेन्फाय यांच्यापाशीं अध्ययन करून १८५८ सालीं पदवी मिळाल्यावर ते जागेची वाट पाहात घरीं बसले नाहींत. पॅरिस, लंडन व ऑक्सफर्ड येथील ग्रंथालयांत जाऊन ते संस्कृत पोथ्या उतरूं लागले, आणि पोटासाठीं विंडसर येथील राजग्रंथालयांत त्यांनीं दुय्यम काम धरिलें. या वर्षांत त्यांस तीन गोष्टी मिळाल्या : पोथी वाचण्याचा सराव, राज्यकर्त्यांची भाषा, आणि माक्स म्यूलर यांचा स्नेह. म्यूलर यांच्याच मध्यस्थीनें एल्फिन्स्टन कॉलेजचें बोलावणें आलें, आणि १० फेब्रुवारी १८६३ रोजीं ब्यूलर मुंबईस उतरले. कीलहॉर्न यांची वाटही ऑक्सफर्डवरूनच आली. तेथें मोनिअर विल्यम्स यांस कोशाच्या कामीं साह्य करून १८६६ सालीं ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत प्राध्यापक झाले. सारांश, नुसत्या पदवीवर यांपैकीं कोणीही निघाला नाहीं. केलेलें काम आणि जाणत्याचा शब्द हीं दोन्हीं बरोबर होतीं.

परंतु येथवरची गोष्ट म्हणजे केवळ जागा मिळविण्याची झाली. जागा मिळाल्यावर त्यांनीं काय केलें, हें अधिक महत्त्वाचें आहे. हे प्राध्यापक म्हणून आले आणि येथें येऊन विद्यार्थी झाले. हौग यांनीं वैदिक यज्ञाचें पुस्तकी ज्ञान अपुरें मानून एका श्रोत्रियाकडून यज्ञक्रिया प्रत्यक्ष करवून पाहिल्या, सोमरसाची चवही घेतली, आणि मग १८६३ सालीं मुंबईस ऐतरेय ब्राह्मण भाषांतरासह छापिलें. कीलहॉर्न यांनीं अनंतशास्त्री पेंढरकर यांच्यापाशीं बसून पाणिनीय परंपरेचें अध्ययन केलें. नागोजीभट्टाच्या परिभाषेंदुशेखराचें संपादन व भाषांतर आणि पुढें पातंजल महाभाष्याची चिकित्सक आवृत्ति हीं त्या अध्ययनाचीं फळें होत. ज्या गुरूंपाशीं ते युरोपांत शिकले, त्यांनीं व्याकरण ग्रंथांवरून जाणिलें होतें. कीलहॉर्न यांस तें मुखानें मिळालें. स्वतः माक्स म्यूलर यांस तर हिंदुस्थान कधींच पाहावयास मिळाला नाहीं.

ब्यूलर यांचा पिंड शोधकाचा. १८६८ सालीं सरकारानें हस्तलिखितांच्या शोधाचें काम सुरू केलें, आणि मुंबई इलाख्यांत त्याचा मोठा भार ब्यूलर यांनीं उचलिला. १८७४ च्या जानेवारींत ते तरुण याकोबी यांस बरोबर घेऊन जेसलमीरच्या जैन भांडारांत गेले. तेथें बिल्हणकृत विक्रमांकदेवचरिताची ताडपत्रावरील प्रत दृष्टीस पडली. दोघांनीं ती आपल्या हातानें उतरून घेतली, आणि पुढील वर्षीं तो ग्रंथ मुंबई संस्कृत मालेंत प्रसिद्ध झाला. या काव्याच्या अठराव्या सर्गांत बिल्हणानें स्वतःची कथा सांगितली आहे. काश्मीर सोडून मथुरा, कान्यकुब्ज, प्रयाग, काशी, सोमनाथ अशी भ्रमंती करीत तो कल्याणच्या चालुक्य दरबारीं पोहोंचला आणि सहाव्या विक्रमादित्याकडून त्यानें विद्यापति हें पद मिळविलें. विद्येच्या जोरावर देशांतर केलेल्या एका पंडिताचें आत्मवृत्त आठशें वर्षांनीं तसेंच देशांतर केलेल्या दुसऱ्या पंडिताच्या हातीं लागावें, हा योग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो.

येथील कामाच्या भांडवलावर तिघांसही स्वदेशीं मानाचीं पदें मिळालीं : हौग यांस १८६८ सालीं म्यूनिक येथें, ब्यूलर यांस १८८१ सालीं व्हिएन्ना येथें, आणि कीलहॉर्न यांस १८८२ सालीं गॉटिंगेन येथें. व्हिएन्ना ब्यूलर यांचा मूळ देश नव्हे ; पण भाषा तीच, म्हणून आम्हीं तें स्वदेशांत धरिलें आहे.

आतां या चित्राची दुसरी बाजू. ब्यूलर शाळाखात्यांत गेल्यावर एल्फिन्स्टन कॉलेजांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं त्यांच्या जागीं हंगामी काम केलें. भांडारकर त्यापूर्वीं हायस्कुलांचे हेडमास्तर होते, आणि त्यांच्या संस्कृत पाठ्यपुस्तकांवर पिढ्या शिकल्या. तरीही १८७३ सालीं ती जागा कायमपणें मिळाली ती विलायतेहून आलेल्या पीटर पीटर्सन यांस. भांडारकरांस पुण्यास कीलहॉर्न यांची जागा मिळण्यास १८८२ साल उजाडावें लागलें. १८६० सालीं ऑक्सफर्ड येथें बोडेन अध्यासनाच्या निवडणुकींत माक्स म्यूलर पराभूत झाले, त्याच्या कारणांत त्यांचें परकेपण हें एक होतें. म्यूलर परदेशीं परके ठरले हें एक वेळ समजूं शकतें. भांडारकर स्वदेशींच परके ठरले. परदेशांतील वृत्तीचा विचार करणाऱ्यानें हें विसरूं नये कीं, आपण ज्या जागेवर बसतों तीवर दुसऱ्या कोणाचा हक्क असूं शकतो. यांत त्या तिघा जर्मनांचा दोष नाहीं. गॉटिंगेन विद्यापीठानेंच भांडारकरांस १८८५ सालीं सन्मान्य डॉक्टर केलें, ही गोष्टही येथें नमूद केली पाहिजे.

आणि शास्त्रीमंडळींचें काय ? भीमाचार्य झळकीकर यांचा न्यायकोश मुंबई संस्कृत मालेंत त्यांच्या नांवानें निघाला, हें त्यांचें भाग्य. ज्यानें हौग यांस यज्ञ दाखविला त्या श्रोत्रियाचें नांव आज किती अभ्यासकांच्या तोंडीं आहे ? पोथ्यांचेंही तसेंच. हौग यांचा संग्रह म्यूनिकच्या ग्रंथालयांत गेला. ब्यूलर यांनीं मिळविलेल्या पोथ्यांपैकीं कांहीं बर्लिन, केंब्रिज व ऑक्सफर्ड येथें आहेत. सरकारी संग्रह डेक्कन कॉलेजांतून १९१८ सालीं भांडारकर संस्थेंत आला. पोथी कोणाच्या संग्रहांत आहे हें यादी पाहतांच कळतें. ती कोणाच्या घरांतून निघाली हें पुष्कळदां कळत नाहीं.

हें लिहितांना आम्हांस स्वतःचा एक दोष सांगितला पाहिजे. तरुणपणीं सुटींत गांवोगांव फिरून आम्हीं पोथ्या गोळा केल्या आणि त्यांची यादी केली. ग्रंथनाम, कर्ता, पत्रसंख्या, लेखनकाल, आद्यंत, सर्व कांहीं टिपलें. परंतु दात्याचा रकाना आम्हीं आंखलाच नव्हता. वर सांगितलेला विद्यार्थी निघतांना म्हणाला, "आमच्या आजोबांनीं आपणांस दोन रुमाल दिले होते. त्यांतील एखादें पान डोळ्यांनीं पाहून जावें असें वाटतें." आम्हीं तीनशेंवर पोथ्या त्याच्यापुढें मांडिल्या. त्यांतील त्याच्या घरच्या कोणत्या, हें आम्हांस सांगतां आलें नाहीं. त्यानें एक पोथी उचलून कपाळास लाविली, नमस्कार केला आणि तो गेला.

त्याच्या प्रश्नाचें उत्तर आतां आम्ही असें देतों. परदेशीं जातांना केलेलें काम बरोबर न्यावें, जाणत्याचा शब्द न्यावा, तेथील भाषा न्यावी, आणि पोहोंचल्यावर शिष्याच्या आसनावर बसण्याची तयारी ठेवावी. ज्यांच्यापाशीं शिकलों त्यांचीं नांवें मात्र पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावीं. संग्राहक बंधूंस विनंती इतकीच कीं, आपापल्या याद्यांत दात्याचा रकाना आजच आंखावा, आणि सांगणारीं माणसें हयात आहेत तोंवर तो भरावा. आम्हीं आमच्या यादीस तो आतां जोडिला आहे. तीनशेंपैकीं एकेचाळीस नांवें आजवर लागलीं. त्या विद्यार्थ्याच्या आजोबांचें अजून लागावयाचें आहे.